नीट शिजवलं की विषय संपला? मासळीतले जंतू आणि अँटिबायोटिक

समुद्रपक्षी: कोळंबी सोलताना तिच्या डोक्यावरचा काटा बोटात घुसला, दुसऱ्या दिवशी बोट लालबुंद, आणि पहिलं दिलेलं अँटिबायोटिक लागूच पडलं नाही, पू तपासायला पाठवून औषध बदललं तेव्हा कुठे उतार पडला. आपण मासळीतल्या जंतूंबद्दल 'नीट शिजवा' एवढंच बोलतो. माझं म्हणणं, तळ्यात अँटिबायोटिक टाकून टाकून जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून तळ्यात वाढवलेल्या मासळीला अँटिबायोटिक देणं सरसकट बंद करा.

साधामाणूस: ताई, बोटाचं वाईट वाटलं, पण एका बोटावरून एवढं मोठं मत बनवू नका. नीट आतपर्यंत शिजवलं की समुद्राच्या, खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ जंतू काय, साल्मोनेला काय, मरतातच, अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतूपण उकळत्या पाण्यात टिकत नाही. आणि बऱ्याच व्हिब्रिओंवर अँपिसिलिन मुळातच चालत नाही, तळ्यातल्या औषधाचा तिथे काय संबंध? उगाच घाबरून लोक मासे सोडतील.

पेट्रीडिश: मी लॅबमध्ये हेच काम करते. थाळीवर जंतू पसरायचे, वर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या, रात्रभर उबवायचं, औषध चाललं तर चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो. अँपिसिलिनच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढलेले दिसतात, त्याचं आता काही वाटत नाही, ते तुमचं बरोबर. पण टेट्रासायक्लिनचा गोल आक्रसलेला दिसला की पोटात गोळा येतो, कारण व्हिब्रिओ जखमेतून आत गेला तर त्याच कुटुंबातलं डॉक्सिसायक्लिन देतात. व्हिब्रिओ व्हल्निफिकसच्या संसर्गात साधारण ५ पैकी १ पेशंट दगावतो, लिव्हरचा आजार असेल तर धोका आणखी. शिजवण्याचं म्हणाल तर सोलणारा हात कोण शिजवतो? आणि त्याच सुरीने नंतर काकडी कापली तर? फ्रीझरमध्येही सगळे मरत नाहीत. शिवाय औषधाला दाद न देण्याचा गुण ज्या जीनमध्ये असतो, ते जीन एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. सिप्रोसारख्या अँटिबायोटिकचा जोर कमी करणारा क्यूएनआरए जीन आज दवाखान्यातल्या जंतूंमध्ये सापडतो, तो मूळचा शेवानेला अल्गी या पाण्यातल्या जंतूचा.

तळेकरी: मी कोळंबी वाढवतो. रात्री २ वाजता टॉर्च मारून चेक ट्रे, म्हणजे खाद्य किती खाल्लं ते बघायची तळ्यातली ताटली, उचलावा तर खाद्य जसंच्या तसं, कोळंबी काठाला येऊन सुस्त पडलेली, तेव्हा हाताला लागेल ते टाकावंसं वाटतं. सरसकट बंदी म्हणणाऱ्यांनी ती रात्र एकदा काढावी.

समुद्रपक्षी: दादा, जीव तुटतो हे समजतं. पण व्हाइट स्पॉट हा कोळंबीचा व्हायरसचा आजार, त्यावरही लोक अँटिबायोटिक टाकतात, मग व्हायरस तसाच आणि पाण्यातले जंतू मात्र निगरगट्ट होतात. नॉर्वेत १९८७ च्या सुमारास तळ्यासारख्याच पाळलेल्या सॅल्मन माशांना वर्षाला जवळपास ५० टन अँटिबायोटिक लागायचं, लशी आल्या आणि ते अगदी नगण्य झालं, उत्पादन मात्र कितीतरी पट वाढलं.

तळेकरी: व्हाइट स्पॉटचं मान्य, मीपण टाकलंय पूर्वी, चूक होती. पण नॉर्वेचं इथे लावू नका, कोळंबीच्या अंगात अँटिबॉडी बनतच नाहीत, सॅल्मनसारखी लस टोचून भागत नाही. आणि चिलीत तर सॅल्मनच आहे, तिथल्या मुख्य आजारावर लशी नीट चालत नाहीत म्हणून शेकडो टन वापरतात. माझ्याकडे फरक पडला तो तपासलेलं बीज (कोळंबीची पिल्लं) घेऊन, दाटी कमी करून आणि तळाचा गाळ काढून. त्यात पैसा जातो.

साधामाणूस: सुरीचं पटलं, ते डोक्यात नव्हतं आलं. पण माणसं स्वतः सर्दीलाही अँटिबायोटिक गिळतात त्याचं काय? सगळा भार तळ्यावर टाकणं मला अजूनही अन्याय वाटतो.

समुद्रपक्षी: 'सरसकट' मागे घेते. आजार ओळखून औषध द्या, पण काही झालेलं नसताना 'असू दे' म्हणून खाद्यात मिसळणं, ते मला कधीच पटणार नाही.

पेट्रीडिश: तळेकरी दादा, मरतुक सुरू झाली की आधी पाणी आणि आजारी कोळंबी तपासायला द्या, मग औषध. जंतू वाढवून चकत्या लावायला २-३ दिवस लागतात.

तळेकरी: ताई, ३ दिवसांत तळं रिकामं होतं.