मदत हवी आहे: वर क्रमांक असलेल्या चलाचा घात लाटेकमध्ये कसा छापावा?

नमस्कार. मी नागपुरात एम.एस्सी. गणिताच्या विद्यार्थ्यांना टेन्सर शिकवते आणि त्यांच्या सरावपत्रिकांसाठी लाटेकचा (गणिती मजकूर छापण्यायोग्य मांडणाऱ्या प्रणालीचा) मजकूर पायथन या संगणकभाषेतून तयार करते. टेन्सरमध्ये निर्देशकांचे क्रमांक वर लिहिण्याची रीत असल्यामुळे ‘क्ष’च्या डोक्यावरचा 2 हा वर्ग नसून दुसरा निर्देशक असतो, आणि ध्रुवीय निर्देशकांत अंतराचे सूत्र लिहायचे तर पहिल्या निर्देशकाचा वर्गही घ्यावा लागतो.

माझा कोड चलाच्या नावापुढे कॅरट (लाटेकमध्ये पुढचा मजकूर वर चढवणारे ^ हे चिन्ह) आणि घातांक जोडतो. नावातच एक कॅरट असल्याने लाटेक ‘डबल सुपरस्क्रिप्ट’ (एकाच चलावर दोनदा वर लिहिणे) ही त्रुटी दाखवते. नाव महिरपी कंसात घातले की त्रुटी जाते, परंतु ते कंस छापले जात नाहीत. दुसऱ्या निर्देशकाचा घन ‘क्ष’वर 2 आणि त्याला चिकटून किंचित वर 3 असा उमटतो व तेविसावा घात म्हणून वाचला जातो. मला हे त्रुटीपेक्षा अधिक घातक वाटते, कारण त्रुटी निदान काम थांबवते, हे मात्र तसेच सीताबर्डीच्या छपाईवाल्याकडे जाते.

सरसकट गोल कंस घातले, तर साध्या चलांच्या घातांनी भरलेली पदावली वाचवत नाही. तेव्हा मजकुरात कॅरट आहे का एवढे पाहून कंस घालावेत, की पदावलीच्या रचनेवरून ठरवावे?

प्रतिसाद:

रचनेवरूनच ठरवावे. वर्गमुळाच्या आतही कॅरट असू शकतो, पण त्या वर्गमुळाचा घात घेताना ना त्रुटी येते, ना कंस लागतो. नुसत्या शोधाला हा फरक कळत नाही. पाया एकटे चल असेल आणि त्याच्या नावात वरचा क्रमांक असेल, तेव्हा कंस घालावेत. बेरजेला ते तसेही लागतात.

आपण सिमपाय ही पायथनमधील बीजगणिताची लायब्ररी वापरल्यास हे काम तयार मिळेल. चलाचे नाव, दोन अंडरस्कोअर आणि क्रमांक असे लिहिले की क्रमांक वर छापला जातो, आणि तिचे ‘लाटेक’ फंक्शन अशा चलाचा घात घेताना गोल कंस स्वतःच घालते, साध्या चलाला घालत नाही. ते कंस लाटेकच्या ‘लेफ्ट-राइट’ जोडीचे (आतल्या मजकुरानुसार उंची बदलणारे) असल्याने आधीच्या गुणकानंतर बारीक जागा सुटते; ती खटकत असेल, तर तयार मजकुरातील ती जोडी बदलून साधे गोल कंस ठेवावेत.