वेशीजवळच्या वीराच्या दगडाची गोष्ट मुलांना कशी सांगायची?

रानजाई:
सासर सातारा जिल्ह्यातलं. तिथे मारुतीच्या देवळामागे, पिंपळाच्या पाराला टेकून एक कोरलेला दगड उभा आहे, कमरेएवढा, शेंदूर लावून लावून अर्धा बुजलाय. सुट्टीत लेकीला (वय ८) घेऊन गेले तर प्रश्नांनी जीव खाल्ला तिने. सासूबाई सांगतात की हा वीर आहे, अमावस्येला घोड्यावर बसून गावाला फेरी मारतो, लग्न झालं की जोडप्याने आधी त्याला नारळ द्यायचा. दीर म्हणाले खाली धन पुरलंय. आता लेक रात्री अंगणात एकटी जात नाही आणि दिवसा मात्र त्या दगडापासून हलत नाही. खाली माणसं आणि गाई दिसतात, मध्ये बायका, वर पिंडीसारखं काहीतरी. हे नक्की काय आहे? तिला भीती न वाटता कसं सांगू?

कातळवेडा:
ताई, हा वीरगळ आहे. लढताना मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभारतात. आपल्याकडचे बरेचसे शिलाहार-यादव या जुन्या राजघराण्यांच्या काळातले. तिला सांगा हे दगडातलं चित्रांचं पुस्तक आहे, फक्त वाचायचं खालून वर. तळाला वीर आडवा पडलेला किंवा लढताना, मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, वरती तो शिवलिंगाची पूजा करतोय, शेंड्याला कलश आणि बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याचं नाव राहणार. गाई आहेत म्हणजे तुमचा वीर गावाची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढता लढता गेलेला असणार. गुरं हीच तेव्हा गावाची दौलत! शेंदूर खरवडू नका मात्र, नक्षी जाते. अंधार पडला की टॉर्च बाजूने तिरका धरा, सावल्या पडून दिवसा न दिसणारं सगळं उठून दिसतं.

बोरिवलीची_मावशी:
मुंबईकडे आलात तर तिला एकसरचे वीरगळ दाखवा, बोरिवलीतच आहेत, सहा दगड आणि त्यावर चक्क समुद्रातली लढाई, जहाजं, वल्ह्यांच्या रांगा. बरेच जण ही लढाई १२६५ च्या सुमाराची, यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यातली मानतात, त्यात सोमेश्वर समुद्रात बुडाला. माझा भाचा वल्ही मोजत बसला होता, जेवायला उठेना.

शाळामास्तर:
धन पुरल्याची गोष्ट मुलांना सांगू नका हो, कळकळीने सांगतोय. ह्याच अफवेपायी लोक रात्री येऊन वीरगळ उपटतात. आमच्या गावातला असाच उपटून फेकला, पुढे विहिरीची पायरी झाला आणि बायका त्यावर कपडे आपटायच्या, आम्ही पोरांना घेऊन धुतला आणि देवळाच्या भिंतीशी उभा केला तेव्हा चेहरे पार झिजले होते. पण आजीची फेरीची गोष्ट अजिबात काढून टाकू नका. लेखी नाव नसलेल्या माणसाला गावाने शेकडो वर्षं सांभाळलं ते त्या गोष्टीमुळे आणि नारळामुळेच की. तो फेरी मारतो कारण त्याने एकदा गुरं राखली होती आणि अजून राखतोय, एवढंच जोडा, भीती आपोआप जाते बघा.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार! काल परत गावी आलो, रात्री टॉर्च घेऊन तिघी गेलो, सासूबाईसुद्धा. तिरका उजेड पडला आणि तळाच्या चित्रात गाईच्या पायाशी एक वासरू दिसलं, इतकं लहान की सासूबाई म्हणाल्या पन्नास वर्षं नारळ ठेवतेय पण हे कधी दिसलं नाही. लेकीने त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आजी, वासरू पोचलं ना गं घरी?" सासूबाई म्हणाल्या, पोचलं तर, म्हणून तर गावात अजून दूधदुभतं आहे. आज सकाळी लेक एकटीच जाऊन दगडापुढे मूठभर गवत ठेवून आलीये.