विषय: सौंदर्यदेवीचं देऊळ

तुमच्या कथेतल्या प्रेम-सौंदर्यदेवीच्या देवळात सगळीकडे आरसे लावू का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, आरसे नकोतच. आधी आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बघून या. रट्ट राजांच्या काळातलं, १२०४ सालचं जैन मंदिर. आतले काळ्या दगडाचे खांब इतके गुळगुळीत, की जवळ गेलं की आपलंच पुसट रूप हलताना दिसतं. आणि छताला उलटं लोंबणारं ते दगडी कमळ! मान अवघडेपर्यंत बघत राहिले होते मी. तुमच्या देवीच्या गाभाऱ्यातही असंच अर्धवट दिसू दे. मूर्तीला रत्नं-बित्नं नकोत, अबोलीचा एक वळेसर पुरे. जमलं तर बेळगाव जिल्ह्यातल्याच देगावचं कमलनारायण मंदिरही बघा, कदंब राजघराण्यातल्या राणी कमलादेवीनं बांधवून घेतलेलं.