मदत हवी आहे: पोकर, सबमिशन आणि मित्र, तिन्ही कसं सांभाळायचं?

पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दर शुक्रवारी आम्ही सहा जण माझ्याच रूमवर टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळतो. आधीच सांगतो, पैसे लावत नाही, नुसत्या प्लास्टिकच्या चिप्स. ऑनलाइन पैशांचे खेळ 2025 च्या कायद्याने बंदच झालेत, तोही विषय नाही.

अडचण वेळेची आहे. रात्री दहाला बसलो की पहाटेचे चार वाजतात, शनिवार झोपेत जातो. वर डोकं टेबलावरून उठतच नाही. फ्लॉपवर (टेबलावरची पहिली तीन उघडी पानं) फ्लश ड्रॉ, म्हणजे एकाच चिन्हाची चार पानं, पाचवं हवं; नऊ आउट्स (कामाची उरलेली पानं), रिव्हरपर्यंत (शेवटचं उघडं पान) ते लागायची शक्यता साधारण 35 टक्के, मग माझा कॉल, म्हणजे समोरच्याएवढ्या चिप्स टाकणं, बरोबर होता का? वहीची मागची पानं याच आकडेमोडीने भरलीत. (प्रोबॅबिलिटीत मार्क चांगले पडले, पण कारण घरी सांगता येत नाही.) न खेळणारे मित्र आता चहालाही विचारत नाहीत.

बाराचा अलार्म लावून पाहिला. हरत असलो की 'शेवटचा डाव' संपत नाही. महिनाभर सोडूनही पाहिलं, पण खेळ रूमवरच चालतो, मी कानात बोळे घालून बसलेलो. कायमचं सोडायचं नाहीये.

ब्लाइंड्स (पानं वाटण्याआधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या चिप्स) दर 15 मिनिटांनी दुप्पट केले तर सहा जणांचा खेळ तीन तासांत आटपतो का? आणि आधी बाद झालेल्यांना पुन्हा चिप्स द्यायच्या की नाही?