खाणीच्या नाल्याचं पाणी संत्र्याला चालेल का? अन् साक्यातून खरंच पैसा निघते का?

संत्रावाला_सावनेर
आमच्या वावराच्या वरच्या अंगाला जुनी कोळसा खाण आहे. तिथून झिरपणारं पाणी बारमाही नाल्यात येऊन राहिलं. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, आंबिया बहार टिकवायचा तर याच पाण्यावर मोटर टाकावी लागते. नाल्यातून काढलं तेव्हा पाणी निवळ दिसते, ड्रममध्ये संध्याकाळपर्यंत पिवळं पडते. ड्रिपर तुंबले, लॅटरलचं (ठिबकच्या बारीक नळीचं) टोक उघडलं तर विटकरी चिखल निघतो.
आता एक माणूस साका बाटलीत भरून घेऊन गेला. म्हणते यात ‘रेअर अर्थ’ (चुंबक-मोबाइलला लागणारे दुर्मिळ धातू) आहेत, नाल्याकाठची जागा लीजवर द्या. जाणकारांनी सांगावं, द्यावी का?

रसायन_मास्तर
भाऊ, आधी पाण्याचं बोलू. कोळशाच्या थरात पायराइट म्हणजे लोह-गंधकाचं खनिज असते. खाण खोदली की त्याला हवा-पाणी मिळते, त्यातून गंधकाम्ल तयार होते अन् लोह सुटते. जिवाणू हे काम आणखी जोरात करतात. खाण बंद झाली तरी ते चालूच राहते. विरघळलेल्या लोहाला ड्रममध्ये हवा लागली की त्याचा गंज होऊन खाली बसतो, तोच तुमचा साका.

धातूचं म्हणाल तर तुम्ही बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद अन् चुन्याची फवारणी, करताच. मोरचुदात तांबं असते. विळा बुडवून पात्यावर तांबूस थर आला की चुना कमी पडला म्हणता. खाणीच्या पाण्यातून धातू काढायच्या दोन मुख्य युक्त्या त्यातच आहेत. चुन्यानं तांबं साक्यात उतरते. लोखंड टाकलं तर तांबं त्यावर येऊन बसते अन् त्याच्या बदल्यात लोखंड विरघळते. अमेरिकेत मोंटानाच्या ब्यूट गावी बर्कली पिटचं आम्ल पाणी भंगार लोखंडावरून सोडून असंच तांबं काढलं.

चुना मात्र बेतानं टाकावा लागतो. पीएच (आम्लपणाचा आकडा, सातच्या जितका खाली तितकं पाणी आम्ल) साडेतीनच्या वर गेला की गंजलेलं लोह बसते, पाचच्या आसपास ॲल्युमिनियम, अन् जस्त-मँगेनीजसाठी नऊपर्यंत तरी चढवावं लागते. सगळा चुना एकदम ओतला तर सगळ्यांचा एकच चिखल होतो अन् त्याला गिऱ्हाईक नाही.

रेअर अर्थची गोष्ट खोटी नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठानं कोळसा खाणीच्या आम्ल पाण्याच्या गाळातून ती वेगळी काढली आहेत. पण ती विरघळतात मुख्यतः आम्ल पाण्यात. आपल्याकडच्या कोळशात गंधक कमी, मेघालयच्या जैंतिया डोंगरातल्यासारखं जहाल पाणी इथं सहसा नसते. पीएच मोजल्याशिवाय कशावरही सही करू नका. आधी मोजा, मग इथं लिहा.

ठिबकवाला_काटोल
लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर लोह असलं की ड्रिपर तुंबणारच. नुसतं सँड फिल्टर बसवू नका, विरघळलेलं लोह त्यातून सरळ पार होते. आधी हवा, मग टाकी, मग फिल्टर.

संत्रावाला_सावनेर
कृषी केंद्रातून पीएचच्या पट्ट्या आणल्या. रंग सहा अन् सातच्या मधात येते.

रसायन_मास्तर
म्हणजे पाणी फारसं आम्ल नाही, मग चुन्याचा खर्चच नको. पाणी दगडी पायऱ्यांवरून उड्या मारत खाली येऊ द्या, मग दोन टाक्यांत एकामागून एक थांबवा. साका पहिल्या टाकीतच अडवा, शेणखतात मिसळू नका. त्या माणसाला सांगा, रेअर अर्थच्या नावानं जागा मिळणार नाही. ओहायोत अशाच लोहाच्या गाळापासून चित्रकारांचे रंग बनवतात, पण त्याआधी त्यात आर्सेनिक, शिसं नाही ना हे तपासावं लागते.

पाणी प्रयोगशाळेत द्याल तेव्हा लोह, मँगेनीज, सल्फेट अन् क्षार चारही लिहून मागा. त्यांच्याकडून दोन बाटल्या घ्या, धातूंसाठीची बाटली ॲसिड टाकलेली हवी. साध्या बाटलीत लोह वाटेतच खाली बसते, अन् रिपोर्टमध्ये पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसते.