चर्चच्या मंडळीत क्वायर (गायकवृंद) एकच हवा की वयाप्रमाणे वेगळे?

नगरची_पेटी: नाताळची प्रॅक्टिस सुरू होण्याआधी मंडळीत हे ठरायचंय. तरुण संघाला वेगळा क्वायर हवाय, कीबोर्ड-गिटार-ड्रमसह. मोठ्यांनी पेटी-तबल्यावर 'उपासनासंगीत' या पुस्तकातली भजनं म्हणायची, लहानांनी संडे स्कूलपुरतं गायचं. माझा ठाम विरोध आहे. कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, नगरला बरीच वर्षं राहिले, अभंगाच्या वळणाची भजनं त्यांनी आपल्याला दिली. आमच्याकडच्या पुस्तकात त्यांचे शब्द आहेत, स्वरलिपी नाही. चाल तोंडातून कानात जाते, तेवढीच टिकते. गेल्या लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) एका मावशींनी अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आम्ही तिथे सरळ षड्जावर जात होतो. त्यांनी निषादावर जरा थांबून खाली उतरून दाखवलं. शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीने ते पहिल्याच वेळी उचललं. वेगळे क्वायर झाले तर ही दोघं शेजारी बसणार कधी?

काळी_दोन: ताई, सातची प्रॅक्टिस पावणेआठला सुरू होते आणि एका भजनावर तास जातो. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा टेनर, म्हणजे चार आवाजांतला पुरुषांचा वरचा आवाज, गायलो. गावी आलो की पुन्हा सगळे एकाच सुरात. पट्टीचंही तेच. पेटीची काळी चार (उंच पट्टी) धरली की पुरुष ओरडतात, काळी एक धरली की पोरांचा आवाज खाली पोचत नाही. चाली मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा ना.

वसईकर: आम्ही कॅथलिक. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) एका मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मोठे गातात, दुसऱ्याला मुलं, आणि मुलं धीट झाली आहेत. व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषेला वाट दिली, तेव्हा लॅटिनवर वाढलेल्या माझ्या वडिलांच्या पिढीलाही मराठी गीतं नव्याने शिकावी लागली. म्हणजे चाली बदलतात, भक्ती राहते. एक मात्र खरं, आवाज फुटायच्या वयात मुलगा मुलांच्या क्वायरमधून बाहेर पडतो, तो मोठ्यांत येतच नाही. तिथे आमची बरीच मुलं गळाली.

नगरची_पेटी: मी तेच म्हणतेय! एकच क्वायर असता तर तो मुलगा दोन वर्षं मागच्या रांगेत गप्प बसला असता, पण बसला असता. रेकॉर्डिंगचं म्हणाल तर मावशींच्या अकरा फाइल माझ्या फोनमध्ये आहेत. त्यावरून आजवर कुणी एकही चाल शिकलेलं नाही.

जुनी_आल्टो: मी ६६ वर्षांची. पुढच्या खुर्च्या आणि माइक आम्ही सोडत नाही, म्हणून पोरं वेगळं मागतात. आधी ते सोडूया. पेटीताई, तुम्ही यावर काहीच बोलला नाहीत.

नगरची_पेटी: खरं आहे. माइक सोडायला हवा.

काळी_दोन: तरी माझं मत वेगळ्या क्वायरलाच. चार आवाज बसवायला रोजची वेळ लागते, ती मोठ्यांना जमणार नाही. मावशींची ती निषादाची जागा मात्र मला हवीय. फाइल पाठवा.

नगरची_पेटी: फाइल नाही पाठवत. शनिवारी सातला ये, मावशी असतात.