पित्ताशय काढलं तरी दुखणं सुरूच – आता कुणाला दाखवावं? (नागपूर)

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी,

एरवी नुसती वाचणारी मी, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

वय त्रेचाळीस, शाळेत शिकवते. थायरॉइडची गोळी सुरू आहे, बीपी-शुगर नाही. मागच्या पावसाळ्यापासून रात्रीचं जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीत खवाट्यापर्यंत जायची. गॅस समजून ओवा, हिंग, सोडा सगळं करून झालं. शेवटी सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशयात खडे निघाले, बारीक बारीक आणि पुष्कळ. दिवाळी आटोपल्यावर धंतोलीतल्या एका दवाखान्यात दुर्बिणीने पित्ताशय काढलं. चार भोकं पाडली, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

सुरुवातीला पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त ठणकत होता. सर्जन म्हणाले, ऑपरेशनसाठी पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, त्याने छाती-पोटामधल्या पडद्याला त्रास होतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्याने दुखणं खांद्यात जाणवतं. ते आठवड्याच्या आत गेलंही. त्याबद्दल तक्रार नाही.

पण आता होळी तोंडावर आली तरी दोन दुखणी मुक्कामाला आहेत, आणि ती एकसारखी नाहीत. हे मी डॉक्टरांना नीट सांगू शकत नाहीये. ओपीडीत नंबर लागेपर्यंत सगळं पाठ असतं, आत गेलं की "दुखतंय" एवढंच तोंडातून निघतं.

पहिलं दुखणं वरवरचं आहे. उजव्या बरगडीखाली जे बारकं भोक होतं त्याच्या बाजूला, एका बोटाने दाखवता येईल एवढ्याच जागेत. कुशीवरून उठताना, खोकताना, फळ्यावर अगदी वरच्या ओळीत लिहिताना सुई टोचल्यासारखं होतं. स्कूटी खड्ड्यात गेली की तर विचारूच नका (आमच्या गल्लीत सिमेंट रोडचं काम सुरू आहे, ते कधी सुरू नसतं?). कधी नुसती साडीची निरी लागली तरी भाजल्यासारखं होतं. जेवणाशी याचा काही संबंध नाही.

दुसरं आतलं. महिन्यातून एखाद्या वेळी, जेवण झाल्यावर तासाभराने, अगदी जुनीच कळ. पोटाच्या वरच्या भागात मधोमध सुरू होते, पाठीत जाते, घाम फुटतो, अर्धा-पाऊण तास राहते आणि आपोआप उतरते. मला भीती याची वाटते. पित्ताशयच नाही, तर दुखतंय काय?

भरीस भर म्हणून सकाळी चहा-पोहे पोटात गेले की लगेच पळावं लागतं. पहिला तास माझाच असतो.

सर्जनला दाखवलं. टाके बघितले, "मस्त भरलेत, मनावर घेऊ नका" म्हणाले आणि ॲसिडिटीची गोळी दिली. लिव्हरची रक्ततपासणी एका चांगल्या दिवशी केली, नॉर्मल आली. सोनोग्राफीही नॉर्मल, फक्त त्यात "सीबीडी ८ मिमी" असं लिहिलंय (सीबीडी म्हणजे पित्ताची मुख्य नळी). नेटवर बघितलं तर ६ मिमीपर्यंत नॉर्मल. त्या रात्री झोप कुठली!

घरात प्रत्येकाचं निदान तयार आहे. सासूबाई म्हणतात, "अवयवच काढून टाकला तर दुखणार नाही का बाप्पा?" जाऊबाईंनी गोमूत्र अर्काची बाटली आणून ठेवली आहे. नवरा म्हणतो दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ, पण कुणाचं? पुन्हा सर्जन, की पोटविकारवाले? एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) करायला स्वतःहून सांगावं का? आणि खाण्याचं काय करायचं? उकडलेलं खाऊन जीव विटलाय. परवा घरी गोळाभात होता आणि मी त्यावरच्या कडकडीत फोडणीकडे नुसती बघत बसले. ज्यांना असा त्रास झाला आणि गेला, त्यांनी कृपया लिहा.

रेशीमबागी

ताई, माझंही ऑपरेशन झालंय. टाक्याजवळची सुई टोचल्यासारखी जाणीव मला बरीच लांबली होती, मग कधी थांबली कळलंच नाही. सावजी तेवढं वर्षभर बंद ठेवा. आणि रात्री ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस घेऊन लिव्हर साफ करायचा एक उपाय आहे, सकाळी हिरवे खडे पडतात. माझ्या साडूने केलाय. सविस्तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

निवृत्त नर्सबाई

रेशीमबागी भाऊ, तो व्यनि नका करू. तेल आणि लिंबाच्या रसाचे पोटातच साबणासारखे गोळे बनतात, तेच हिरवे होऊन बाहेर पडतात. ते पित्ताचे खडे नव्हेत. माणूस खूश होतो आणि खरा खडा आहे तिथेच राहतो.

संत्राबर्फी, माझी बरीच नोकरी सर्जरीच्या वॉर्डात गेली. मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. पण तुम्ही दोन दुखणी वेगळी काढून लिहिलीत, तसंच एका कागदावर लिहून डॉक्टरसमोर ठेवा. तोंडी सांगूच नका.

वरवरच्या दुखण्यासाठी घरी एक परीक्षा करून पाहा. पाठीवर निजा. दुखऱ्या जागी कुणाला तरी बोट दाबून ठेवायला सांगा आणि हात न टेकता डोकं-खांदे उचला, म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतील. दुखणं वाढलं किंवा तेवढंच राहिलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं. कमी झालं तर आतलं, कारण ताठ स्नायू बोटाला आत जाऊ देत नाहीत. सर्जन लोक याला कार्नेटची चाचणी म्हणतात. भिंतीतलं असेल तर भोकाजवळची बारीक नस व्रणात अडकलेली असू शकते. साडी लागली तरी भाजणं हे नसेच्या दुखण्याचं लक्षण आहे. ते सोनोग्राफीत दिसत नाही, रक्तातही नाही, म्हणून बाईला "मनावर घेऊ नका" ऐकावं लागतं. नेमक्या जागी बधिर करायचं इंजेक्शन देतात, कधी त्यात स्टिरॉइडही असतं. दिल्याबरोबर आराम पडला तर निदानही तेच. सर्जन किंवा पेन क्लिनिकमधले भूलतज्ज्ञ देतात. मात्र खोकताना तिथे किंवा बेंबीपाशी फुगवटा येत असेल तर हर्निया बघून घ्या.

आता आतलं. याला टाळू नका. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी, ३० ते ५० मिलीची. पित्त बनवतं लिव्हर, रोज अर्धा ते एक लिटर, आणि ते नळीतून आतड्यात जातच राहतं. तुमचे खडे बारीक होते. ऑपरेशनच्या आधी किंवा दरम्यान एखादा नळीत उतरू शकतो. नळीचं खालचं टोक आतड्यातल्या हवेमागे लपतं, म्हणून साध्या सोनोग्राफीत असा खडा सुटतो. ८ मिमीने मात्र एवढं घाबरायचं काहून? पित्ताशय काढल्यावर मुख्य नळी थोडी रुंद होते, १० मिमीपर्यंतही चालवून घेतात, जर रक्त ठीक असेल आणि त्रास नसेल तर. तुम्हाला त्रास आहे, म्हणून एमआरसीपीचा विषय काढणं रास्त आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चांगल्या दिवशी केलेली लिव्हरची तपासणी फारसं सांगत नाही. खडा क्षणभर अडकून सुटला तर आकडे वर चढतात आणि लवकरच उतरतात. डॉक्टरकडून चिठ्ठी आधीच लिहून घ्या. कळ आली की काही तासांत लिव्हरची तपासणी आणि लायपेज (स्वादुपिंडाची रक्ततपासणी) द्या. चोवीस तास उघडी लॅब कुठली आहे ते आजच बघून ठेवा. आणि घाम फुटून पोटाच्या वर मधोमध दुखतंय म्हणता, तर एक ईसीजी काढाच. बायकांचं हृदयाचं दुखणं कितीदा "गॅस" म्हणून घरी बसलेलं मी पाहिलंय.

थंडी वाजून ताप, डोळे किंवा लघवी पिवळी-गडद, शौच पांढरट, उलटी थांबत नाही, पोट फुगून कडक, कळ काही तास उतरतच नाही: यातलं एक जरी झालं तरी धाग्यावर लिहायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी. आणि मनाने कोडीनवाली वेदनाशामक गोळी घेऊ नका, ती नळीच्या तोंडाशी असलेली झडप आवळते.

सकाळी पळावं लागण्याचंही कारण पित्तच. साठवण नाही म्हणून ते सतत टपकतं, काही मोठ्या आतड्यात पोचतं आणि जुलाब लावतं. बहुतेकांचं हळूहळू बसतं. नाहीच बसलं तर कोलेस्टिरामाइन नावाची पावडर देतात. पण तुमची थायरॉइडची गोळी आहे! ही पावडर गोळीला धरून ठेवते, दोन्हींत निदान ४ तासांचं अंतर लागतं. डॉक्टरला आठवण करून द्या.

खाण्याबद्दल: जन्मभराचं पथ्य नसतं. थोडं थोडं, जास्त वेळा खा. तेल एकदम नको, पण पार बंदही नको. गोळाभात खा, फोडणी चमचाभर.

मिहानकर

नर्सबाईंना +१. माझ्या बाबतीत नळीत खडा राहिला होता. मला मात्र कावीळ झाल्यावर कळलं, इतकं थांबू नका. एमआरसीपी म्हणजे नुसता एमआरआय, फक्त फोटो, आत काही घालत नाहीत. ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून खडा काढतात. त्याने कधी स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून "बघू तरी काय आहे" एवढ्यासाठी ती करत नाहीत. आधी फोटो, मग गरज पडली तर दुर्बीण, या क्रमानेच जा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आतल्या कळेसाठी गॅस्ट्रो (म्हणजे पोटविकारवाले), टाक्यासाठी सर्जन. खर्चाचा प्रश्न असेल तर मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटीत गॅस्ट्रोची ओपीडी आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

जाताना ऑपरेशन नोट्स घेऊन जा. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. पित्ताशय पूर्ण काढलं की चिकटलेलं म्हणून थोडं ठेवलं, हे नोट्समध्येच कळतं, आणि राहिलेल्या तुकड्यातही खडे होतात. दवाखाना टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. पित्ताशयाचा बायोप्सी रिपोर्टही त्यातच मागा. तो बरेच जण आणतच नाहीत.

वर्धेकर

थोडं अवांतर, पण विदर्भातल्यांनी वाचावं. माझ्या भाच्याला कॉलेजच्या वयात पित्ताचे खडे झाले. सगळे म्हणाले, बाहेरचं खातो म्हणून. नंतर निघाला सिकलसेल. त्यात लाल पेशी लवकर फुटतात आणि त्याचे खडे बनतात. आपल्या भागात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, तेव्हा लहान वयात खडे निघाले तर सोल्युबिलिटी टेस्ट (रक्ताची प्राथमिक चाचणी) करा, आणि ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. सिकलसेलवाल्यांचं पोट पित्ताशय काढल्यावरही वेगळ्या कारणाने दुखू शकतं.

संत्राबर्फी

सगळ्यांचे मनापासून आभार. वर्धेकर, माझी सिकलसेलची तपासणी लग्नाआधीच झाली होती, निगेटिव्ह आहे.

नर्सबाई, तुमची परीक्षा केली. बोट दाबायला सासूबाई. डोकं उचललं तर मी ओरडले आणि त्यांनी बोट काढायच्या ऐवजी आणखी दाबलं! म्हणजे ते भिंतीतलंच दिसतंय. जागेवर पेनाने खूण करून ठेवली आहे, सर्जनला तीच दाखवणार. त्यांच्याकडेच नोट्स आणि बायोप्सीसाठी अर्जही देईन. ईसीजी आज सकाळी काढला, ठीक आहे म्हणाले. गॅस्ट्रोची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली.

एकच शंका राहिली. ऑपरेशनमध्ये आत क्लिपा लावल्यात असं कार्डावर लिहिलंय. एमआरआयच्या मशीनमध्ये लोखंड चालत नाही ना? मग एमआरसीपी कशी करतील?

निवृत्त नर्सबाई

क्लिपा बहुतेक टायटॅनियमच्या असतात, त्या लोहचुंबकाला ओढल्या जात नाहीत. काही ठिकाणी प्लास्टिकसारख्याही वापरतात. एमआरआय चालतो, पण फॉर्म भरताना "पोटात क्लिप आहे" हे लिहायचंच, आणि कार्ड टेक्निशियनला दाखवायचं. जोडवी, मंगळसूत्र, केसांतल्या पिना घरीच काढून जा. ४ ते ६ तास उपाशी बोलावतील, तेव्हा सकाळचीच वेळ मागा. थायरॉइडच्या गोळीचं त्यांनाच विचारा, बहुतेक ठिकाणी घोटभर पाण्यासोबत घेऊ देतात.

सासूबाईंना सांगा, बोट बरोबर जागी होतं.